बाटलीला धक्का लावू नका

वस्तू टिकवावी ती प्रभाकर करंदीकरांनीच, असं भिवंडीत एकच माणूस म्हणत असे. तो म्हणजे खुद्द प्रभाकर करंदीकर! शाळेत हेडक्लार्क होते तेव्हा ते खडूचे तुकडेसुद्धा कुलपात ठेवत. त्यांच्यापुढे एक बिअरची बाटली सांभाळणं म्हणजे काय मोठं काम!

बिअर म्हटल्यावर दचकू नका. करंदीकर सुपारीही न खाणारे. बाटली आणली होती त्यांच्या पत्नी सुचेताबाईंनी. मुलगा मिहिर बेल्जियमला असतो. दोघं त्याच्याकडे गेले होते, तेव्हा त्यानं त्यांना एका शेतावर नेलं. तिथे घरचीच बिअर करतात. पूर्वी उन्हाळ्यात शेतावरच्या मजुरांना तीच देत. निघताना सुचेताबाईंनी एक बाटली विकत घेतली.

शेतकऱ्याची बायको म्हणाली, "ताजी आहे तोवर प्या. मिऱ्यासारखा झणका असतो, तो नंतर उडून जातो."

शेतकरी म्हणाला, "हिला काय कळतंय! चार-पाच वर्षं अंधारात ठेवा, बघा कशी मुरते!"

तिथल्या तिथे त्या दोघांची जुंपली, आणि विमानात बसेपर्यंत करंदीकर नवरा-बायकोचीही.

"घरी गेल्यावर पहिल्याच रविवारी उघडायची," सुचेताबाई म्हणाल्या.

"मुरू द्यायची!" करंदीकर म्हणाले.

वर्षं गेली, पण वाद काही मिटला नाही. गेल्या आषाढात सुचेताबाई गेल्या. भांडण अर्धवट टाकून जायची त्यांना एरवी सवय नव्हती.

त्यानंतर बाटलीला कोणी हात लावायची सोय राहिली नाही. मुलगी रुचिरा ठाण्याहून आली की विषय काढायची.

"बाबा, वरची तारीख उलटून गेली."

"तारीख दुधाला असते!"

"मग उघडणार कधी?"

"मुरली की!"

"मुरली हे कळणार कसं?"

"उघडल्यावर!"

रुचिरा कपाळाला हात लावून चहा टाकायला जायची.

मिहिरनं फोनवर सांगितलं होतं, बाटलीला गारवा हवा, अंधार हवा आणि हादरे नकोत. गारवा आणि अंधार जमला. मागच्या खोलीत, खाटेखाली, ओलं गोणपाट गुंडाळून बाटली उभी ठेवली. पण हादरे! मागच्या भिंतीला लागूनच शेजारच्या हरेशचा यंत्रमागाचा कारखाना. दोन्ही शिफ्टला लूम चालू. भिंतीला हात लावला तर मलेरियाचा रोगी धरल्यासारखं वाटे! इतकी वर्षं करंदीकर त्या खडखडाटात घोरत होते. आता मात्र त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. हा माणूस रात्रंदिवस माझी बाटली हलवतो म्हणजे काय!

तरातरा कारखान्यात गेले.

"हरेश, भिंतीजवळचे लूम बंद कर! ताबडतोब!"

"का हो सर? क्या हुआ?"

आता आली पंचाईत. सगळी गल्ली ज्यांना सर म्हणते, त्यांनी बिअरचं नाव कसं घ्यायचं?

"घरात आजारी माणूस आहे. हादरे सोसत नाहीत."

"कोण?"

"सुचेताची मावशी," करंदीकर बोलून गेले.

हरेश मनाचा मोठा. त्यानं भिंतीकडचे लूम थांबवले. करंदीकर लढाई जिंकल्यासारखे घरी आले.

सकाळी हरेशची आई बायजाबाई तांदळाची पेज घेऊन दारात.

"मावशीला भेटाचा हाय."

"झोपल्यात."

संध्याकाळी पुन्हा दारात. "आजून झोपल्यान? सर, सास तरी चालू हाय ना?"

मग कारखान्यातले कामगार सफरचंदं घेऊन आले. "मौसीजी कैसी हैं?" त्यांच्यामागून समोरच्या बिल्डिंगमधल्या बायका नारळपाणी घेऊन आल्या. करंदीकर प्रत्येकाला दारातूनच परतवत होते आणि आत येऊन चडफडत होते. लोकांना काही उद्योग नाहीत का! माणसानं शांतपणे आजारीसुद्धा पडू नये?

रविवारी रुचिरा आली आणि पाठोपाठ हरेश. बरोबर दोन कामगार, स्ट्रेचर आणि बायजाबाई. बाहेर अँब्युलन्स उभी!

"सर, असं घरी ठेवून नाही चालणार. मावशींना दवाखान्यात न्यायचं. टेन्शन नको, मी हाय ना!"

"कोणती मावशी?" रुचिरानं विचारलं.

करंदीकर मागच्या खोलीच्या दारात हात पसरून उभे राहिले. "आत जायचं नाही! हलवलं तर फुटेल!"

"मावशी फुटल?" बायजाबाई थबकली. "असा कंचा आजार हाय ओ?"

आणि ती त्यांच्या हाताखालून आत शिरली. खाट रिकामी! खाली वाकली, गोणपाट ओढलं आणि बाटली मानेला धरून बाहेर आणली.

"ही मावशी?" तिनं बाटली उलटी केली, कानाशी नेली, खुळखुळवली.

"खाली ठेवा!" करंदीकर किंचाळले.

हरेशचा चेहरा लाल झाला. "सर, दारूच्या बाटलीसाठी माझे लूम बंद ठेवायला लावले? कामगारांची मजुरी बुडाली! मी अँब्युलन्स आणली!"

"दारूची नाही! सुचेताची आहे ती!"

सगळे गप्प झाले. बाटली मात्र गप्प बसेना. ओल्या गोणपाटानं बुचावरची तार गंजली होती. ती तुटली. बूच सुटलं ते थेट पंख्यावर! हरेशचा शर्ट, स्ट्रेचर, सफरचंदं, सगळ्यांना फेसानं आंघोळ. रुचिरानं धावत जाऊन पेले आणले म्हणून निम्मी तरी वाचली.

हरेशनं घोट घेतला. राग विसरून म्हणाला, "एक नंबर!"

"आंबलीय," बायजाबाई म्हणाली. "फेका."

"मला मधासारखी लागतेय," रुचिरा म्हणाली. "बाबा, तुम्हीच सांगा. सुधारली की बिघडली? तिथे ताजी कशी लागली होती?"

करंदीकरांनी घोट घेतला. तोंडात फिरवला. गिळला.

"मी कुठे प्यायलो होतो!" ते एकदम ओरडले. "मला ॲसिडिटी! माझाही ग्लास तिनंच संपवला. परतताना बसमध्ये सारखी हसत होती. ताजी कशी लागते ते तिला विचा..."



रुचिरानं नाक पुसलं. म्हणाली, "म्हणजे चवच माहीत नव्हती? मग इतकी वर्षं भांडलात कशावर?"

"तत्त्वावर!" करंदीकर गरजले आणि त्यांनी पेला पुढे केला. "ओत अजून थोडी."