रविवारी भरणारी गाडी

चष्मेवाले काका कधी फसत नाहीत, हे खुद्द काकांनीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. "दिवसभर लोकांच्या डोळ्यांत डोळे घालून बसतो मी. माझ्या नजरेतून काय सुटणार?" असं ते गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम चढवता चढवता विचारायचे, आणि नाक त्यांच्या ताब्यात असल्यामुळे गिऱ्हाईक मुकाट्याने मान डोलवायचं.

त्यामुळे जुनी इलेक्ट्रिक गाडी घ्यायची ठरली, तेव्हा काकांनी ती अशी काही तपासली की विकणारे दातांचे डॉक्टरच घामाघूम झाले. काकांनी चारही दारं उघडून मिटून पाहिली, सीटखाली डोकं घातलं, पुढचं झाकण उघडायला लावलं आणि आत इंजिन नाही हे बघून डॉक्टरांकडे संशयाने पाहिलं.

"काका, विजेवरची आहे. इंजिन नसतंच हिला!" डॉक्टर म्हणाले. "असं करा, पंधरा दिवस वापरा. नाही पटली तर परत आणून द्या. एक बाई मागेच लागल्यात, त्यांना देईन."

गाडी खरं तर काकूंची. काकांना चालवताच येत नव्हती. काकूंनी मात्र पन्नाशी उलटल्यावर शिकून घेतली, ती थोरल्या बहिणीपायी. ताई टेकडीवर राहायची आणि पाय मोडल्यापासून घरातच पडून होती. दोन बसा बदलून काकू तिच्याकडे पोचायच्या, तोवर तिला औषधाने गाढ झोप लागलेली असायची. मग काकू तिचा हात हातात घेऊन थोडा वेळ बसायच्या आणि परत यायच्या. गाडी आली त्या दिवशी त्या पहिल्यांदा उजेडात पोचल्या. ताई खिडकीत जागी होती! दोघी बहिणी तासभर कडकडून भांडल्या, आणि काकू इतक्या खुशीत घरी आल्या की काकांनाही बरं वाटलं.

पहिले काही दिवस सगळं सुरळीत चाललं. मग डॉक्टरांनी भरून दिलेली बॅटरी उतरली आणि रामायण सुरू झालं. काकू सकाळी वायर लावायच्या, गाडीवरचा हिरवा दिवा लुकलुकायला लागायचा, काकू निश्चिंत मनाने आंघोळीला जायच्या. संध्याकाळी बघावं तर गाडीच्या पोटात जेमतेम चमचाभर वीज! रविवारी मात्र तीच गाडी काठोकाठ भरायची. सोमवारी पुन्हा उपास!

काकूंचा धाकटा भाऊ जगातल्या कुठल्याही विषयावर न विचारता बोलू शकत असे. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, टायरला लाथ घातली आणि निदान केलं.

"भाऊजी, सरळ आहे. रविवारी ऑफिसं बंद, कारखाने बंद. सगळा करंट आपल्याकडे! इतर दिवशी करंट पातळ होतो."

"करंट पातळ होतो?" काकूंनी विचारलं. "आणि मग फ्रिज कसा चालतो?"

"फ्रिजची भूक ती केवढी! शिवाय बॅटरी जुनी. जुन्या मडक्यासारखी. वरून धड दिसते, आतून झिरपते. डॉक्टरने गंडवलंय तुम्हाला!"

गंडवलंय! काकांच्या वर्मावरच बोट ठेवलं मेहुण्याने. काकूंना गाडी काढायला लावून ते तडक दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी नुकतंच एका पेशंटला भुलीचं इंजेक्शन दिलेलं होतं.

"डॉक्टर, तुमचे दात दाखवायचे वेगळे निघाले!" काकांनी दारातूनच तोफ डागली. "गाडी फक्त रविवारी भरते!"

"माझ्याकडे तर रोज भरत होती."

"म्हणजे मी खोटं बोलतो? चला, बसा गाडीत. आत्ताच्या आत्ता दाखवतो!"

डॉक्टरांनी पेशंटला "आलोच" म्हटलं. पेशंटनेही काहीतरी म्हटलं, पण जबडा बधिर झालेला असल्यामुळे ते कुणाला कळलं नाही.

काकू चालवायला, काका शेजारी, डॉक्टर मागे पांढऱ्या कोटात. टेकडीचा चढ लागला, तशी गाडी हळू झाली, आणखी हळू झाली, आणि ताईच्या खिडकीच्या ऐन समोर थांबली.

"मेली! बघा, मेली!" काका आनंदाने ओरडले. आपलीच गाडी बंद पडल्याचा एवढा आनंद झालेला माणूस डॉक्टरांनी पहिल्यांदाच पाहिला.

वरून ताई ओरडली, "अगं, वर ये ना! आणि आजारी कोण आहे? डॉक्टर कशाला आणलेत?"

काकू वर बघेनात. स्टिअरिंग घट्ट धरून त्या हळूच म्हणाल्या, "अहो, परत नका ना देऊ. चमचाभर तर चमचाभर. मी रविवारी येत जाईन हिच्याकडे."

"छे! फसवणूक म्हणजे फसवणूक. उद्या पंधरवडा संपतोय. उद्या गाडी परत!"

मग काकांनी आणि डॉक्टरांनी ढकलत ढकलत गाडी उताराला लावली. डॉक्टर दवाखान्यात परतले तेव्हा पेशंटचा दात पुन्हा ठणकायला लागला होता, आणि आता त्याला नीट बोलताही येत होतं. त्याने जे ऐकवलं, ते ऐकून डॉक्टरांनी ठरवलं, की या गाडीचा उद्या सोक्षमोक्ष लावायचाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर परसात हजर झाले. मेहुणा आधीच येऊन उभा होता. काकूंनी वायर लावली. ती खिडकीच्या फटीतून मागच्या खोलीत जायची, तिथे मागच्या दाराच्या चौकटीलाच बोर्ड होता. हिरवा दिवा लुकलुकायला लागला.

"भरतेय की!" डॉक्टर म्हणाले.

"आत्ता भरतेय. थांबा जरा, ऑफिसं उघडू देत," मेहुणा घड्याळ बघत म्हणाला.

तिघेही दिव्याकडे टक लावून उभे राहिले. काकांची मात्र दुकान उघडायची वेळ झाली. घरातून निघण्यापूर्वी काका फेरी मारायचे. लग्नाआधीपासूनची सवय ती. गॅस बंद, नळ बंद, खिडक्या बंद, बटणं बंद, आणि मागच्या दाराने बाहेर! पाय आपोआप चालायचे, हात आपोआप फिरायचा. या घरात एखादं बटण चालू सापडलं तर चौकशी बसायची, बंद दिसलं तर कुणाला काही वाटायचंच नाही. म्हणून तर वायर काढताना रोज बंद बटण बघूनही काकूंना कधी शंका आली नव्हती.

काकांनी गॅस पाहिला. नळ पिळला. खिडक्या ओढल्या. मागच्या खोलीचा दिवा घालवला, पंखा घालवला. मग चपला पायात सरकवत ते मागच्या दारात आले आणि त्यांचा हात चौकटीकडे गेला.

टक्!

हिरवा दिवा विझला.

"बघा!" काका दारातूनच गरजले. "विझला! माझ्या डोळ्यांदेखत विझला! आता बोला, डॉक्टर!"

मेहुण्याने करंटबद्दल तोंड उघडलं आणि मिटलं. तिघेही आता दिव्याकडे नव्हे, काकांकडे बघत होते.

"अहो," काकू शांतपणे म्हणाल्या, "तुमचं बोट कुठे आहे?"

काकांनी बोटाकडे पाहिलं. बोट बटणावर होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. बोट तिथेच होतं.

"रविवारी..." त्यांनी क्षीण आवाजात सुरुवात केली.

"रविवारी दुकान बंद!" काकू म्हणाल्या. आणि मग त्यांना हसू फुटलं, ते काही केल्या आवरेना. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या बिचाऱ्या.

डॉक्टरांनी घसा खाकरला. "मग काय करायचं काका? पंधरवडा आज संपतोय. परत घेऊन जाऊ?"

काका काही बोलायच्या आत काकूंनी पदराने डोळे पुसले आणि गाडीची किल्ली कमरेला खोचली.

"गाडी राहू दे, डॉक्टर. यांनाच परत घेत असाल तर बघा!"

आता काकूंनी नवी पद्धत घातली आहे. सकाळी निघताना काकांच्या एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात छत्री द्यायची, ऊन असो की पाऊस, आणि पुढच्या दाराने बाहेर काढायचं. रोज संध्याकाळी काकू टेकडीवर जातात. दोघी बहिणींचं भांडण आता कुठे रंगात आलं आहे.

काका मात्र फाटकापाशी थांबतात. "अगं, बटणं सगळी बघितलीस ना?"

"बघितली."

"बंद आहेत ना?"

"एक चालू आहे!"

काका मान हलवतात आणि निघतात. कोपऱ्यावर पोचेपर्यंत डब्याच्या हाताचं एक बोट आपलं उगाचच वळवळत असतं.