मिज खोटं बोलत नाही

कथबर्ट हेपलला पुरायच्या दिवशी सकाळी त्याचा शिकारीतला जोडीदार अर्नी स्टॉब्स मागच्या दाराने त्याच्या घरात शिरला, तेव्हा अर्नीच्या शर्टाच्या आत कथबर्टचं फेरेट होतं आणि डोक्यात कथबर्टची कुत्री.

फेरेट परत द्यायचं होतं. मुंगसाच्या वळणाचं, पांढरं, लांबुळकं जनावर. सशाच्या बिळात सोडलं की ससे जीव घेऊन बाहेर पळतात. कथबर्टने अंथरूण धरल्यापासून ते अर्नीने सांभाळलं होतं आणि त्या बदल्यात तीनदा चावून घेतलं होतं.

"पाय पूस," डोरा म्हणाली. विधवा होऊन तिला चार दिवस झाले होते, आणि या चार दिवसांत स्वयंपाकघराची फरशी पहिल्यांदाच कोरडी राहिली होती. "आणि ते ध्यान माझ्या टेबलावर ठेवू नकोस."

"खुराड्यात ठेवतो."

"खुराडं मी काल मोडून चुलीत घातलं." तिने कपबश्या पुसायला घेतल्या. "आता नीट ऐक, अर्नी. कुत्री तुला द्यायची असं तो सांगून गेलाय. पण तो गेलाय. आता द्यायची की नाही, ते माझ्या हातात. आमच्या लग्नाच्या जेवणात त्याच्या बाहीतून फेरेट निघालं आणि माझ्या मावशीच्या ताटात शिरलं. आठवतंय?"

"मावशी टेबलावर चढल्या होत्या."

"सासूच्या मयतीला हा सशांची जाळी खांद्यावर टाकून आला. चाळीस वर्षांत या माणसाने घरातलं एक कार्य धड पार पडू दिलं नाही. आज पडलं पाहिजे. पडलं, तर चहा झाल्यावर पट्टा तुझ्या हातात. नाही पडलं, तर सेप पिगॉट दोनदा विचारून गेलाय."

अर्नीने मान डोलावली. डोरा कपबश्या घेऊन पुढच्या खोलीत गेली. दारामागच्या खुंटीवर कथबर्टचा शिकारीचा कोट टांगलेला होता. त्याच्या आतल्या खोल खिशात फेरेट तीन वर्षं झोपत आलं होतं. अर्नीने ते त्या खिशात सोडलं, वर बटण लावलं आणि पाय पुसले. क्रम चुकला होता, पण तेव्हा तेवढंच चुकल्यासारखं वाटलं.

चुलीपाशी मिज पडली होती. तिने एक डोळा उघडून त्याच्याकडे पाहिलं आणि मिटला.

ब्लेकरिगची खाण बंद पडून सहा वर्षं झाली होती. गावाला आता अभिमानाने सांगण्यासारख्या दोनच गोष्टी उरल्या होत्या : एक बँडपथक, ज्यातले निम्मे वाजवणारे धाप लागून बसले होते, आणि दुसरी मिज. मिज लर्चर होती, म्हणजे शिकारीसाठीची मिश्र जातीची कुत्री. बाप ग्रेहाउंड, आई बेडलिंग्टन टेरियर आणि कॉली यांच्या भानगडीतून झालेली. पाय बापाचे, केस आईचे आणि डोकं कुणाचं ते कथबर्टलाच ठाऊक. तिच्या वेतातली बाकीची पिल्लं माणूस दिसताच बुटांवर येऊन लोळत होती. ही एकटी गोठ्याच्या भिंतीला कान लावून उभी होती. कथबर्टने दगड काढून पाहिला तर आत उंदीर. "हीच," तो म्हणाला, आणि उरलेली आठ पिल्लं त्याने पाहिलीसुद्धा नाहीत.

त्याने तिला तेव्हाच्या फेरेटच्या अंथरुणात वाढवलं. पाळीव सोबती आणि शिकार यांतला फरक दुधाबरोबर कळावा म्हणून. मग तिला एकच विद्या शिकवली. बिळापाशी जायचं, वास घ्यायचा. आत कुणी नसेल तर पुढे चालायचं. असेल तर थांबायचं : पुढचा उजवा पाय वर, मान तिरपी, शेपटीचं टोक थरथरतं. याला तिकडे खूण देणं म्हणतात. खूण खोटी देणारी कुत्री माणसाचा हिवाळा खाते. रिकाम्या बिळावर जाळ्या लावून बोटं गोठतात, आणि रात्री ताटात नुसते बटाटे. मिजने सात हिवाळ्यांत एकही खोटी खूण दिली नव्हती.

"तिला एकदा जरी ओढून मागे घेतलीस ना," कथबर्टने शेवटच्या आठवड्यात अर्नीला बजावलं होतं, "तर संपलं. तिला कळतं, आपला शब्द मानला नाही. मग ती बोलणंच सोडते. माझ्या माघारी तिला खोटी पाडलीस तर मी उठून येईन, लेका."

हे तो उशांना टेकून, शिट्टीसारखा श्वास घेत सांगत होता, आणि त्यालाही कारण मिजच होती. जानेवारीत बर्फाच्या पावसात तिने एका बिळावर खूण दिली. फेरेट पाठवलं, काही निघालं नाही. अर्नी म्हणाला, चल घरी. कथबर्ट म्हणाला, मिज खोटं बोलत नाही. तो तिथे तीन तास उभा राहिला. तीन तासांनी ससा निघाला. कथबर्टने तो घरी नेला, डोराला दिला आणि अंथरुणावर पडला. खाणीतल्या धुळीने आधीच भरलेल्या फुप्फुसांना एवढं निमित्त पुरलं. नवव्या दिवशी तो गेला. ससा मात्र चांगला लठ्ठ होता, हे मयतीला आलेल्या प्रत्येकाने डोराला सांगितलं.

दहाला शवपेटी बंद झाली, साडेदहाला उचलली. अर्नी उजव्या बाजूने पुढे होता. कुत्रेवाल्याच्या मागे त्याची कुत्री चालवायची हा गावाचा रिवाज; मिजचा पट्टा सेप पिगॉटने कुणी सांगायच्या आत हातात घेतला होता आणि तो असा चालत होता जणू मयत त्याच्याच घरची आहे.

चर्चच्या चढावर अर्नीच्या कानापाशी, लाकडाच्या आत, काहीतरी खरडलं.

अर्नीचा पाय चुकला.

"धड चाल की," मागचा पुटपुटला.

पुन्हा खरडलं. 'मी उठून येईन, लेका.' अर्नीने कान पेटीपासून लांब नेला. चर्चमध्ये पेटी खाली ठेवून तो डोराशेजारी बसला. पहिलं भजन सुरू झालं आणि दुसऱ्या कडव्याला त्याच्या डोळ्यांसमोर स्वयंपाकघराचं दार आलं. निघताना ते त्याने ओढून घेतलं होतं. मागची खुंटी मोकळी होती.

"डोरा," तो गाण्याच्या चालीत म्हणाला, "दारामागचा कोट कुठंय गं?"

"त्याच्या अंगावर."

"अंगावर?"

"सारखं गार पडायचं त्याला. पेटीवाल्यांना म्हटलं, चढवा. का?"

"काही नाही. खिसे... बघितले होते का?"

डोराने भजनाचं पुस्तक खाली घेतलं. "त्या खिशात मी चाळीस वर्षांत हात घातला नाही. आज घालणार होते होय? गप गा."

अर्नी गायला. आता सांगावं, तर कार्य मोडलं आणि कुत्री सेपच्या घरी. न सांगावं, तर जिवंत जनावर सहा फूट मातीखाली. त्याने फेरेटच्या चाव्यांचे तीन व्रण पाहिले आणि प्रामाणिकपणे दुसऱ्या मार्गाचा विचार केला. पाद्री लेथम तोवर 'मृत्यू ही शांत निद्रा आहे' इथपर्यंत आले होते.

खड्डा कुंपणाच्या कडेला काढला होता, कारण बाकीचं दफनस्थान खाणीने भरून टाकलं होतं. खड्ड्यावरच्या फळ्यांवर पेटी टेकली. मंडळी गोल उभी राहिली. पाद्रींनी पुस्तक उघडलं, आणि त्याच क्षणी मिजने सेपच्या हातातून पट्टा सोडवून घेतला, माणसांच्या पायांतून वाट काढली आणि खड्ड्याच्या काठाशी येऊन थांबली. नाक खाली. उजवा पाय वर. मान तिरपी. शेपटीचं टोक थरथरत होतं.

ऐंशी माणसांनी एकदम श्वास आत घेतला. ज्यांची फुप्फुसं धड नव्हती त्यांनीसुद्धा.

"खूण देतेय," कुणीतरी म्हणालं.

"कुणावर?"

सगळ्यांनी पेटीकडे पाहिलं.

"कुत्रीला बाजूला घ्या," पाद्री म्हणाले.

"पाद्रीसाहेब, ती खूण देतेय," बँडमधला ढोलवाला समजावून सांगू लागला. "आत काहीतरी जिवंत आहे."

"भल्या माणसा, डॉक्टरांचा दाखला आहे!"

"डॉक्टरांनी मलाही दाखला दिलाय, छाती ठणठणीत म्हणून." तो खोकला आणि बराच वेळ खोकत राहिला. "डॉक्टर चुकतो. मिज चुकली का कधी?"

"सात हिवाळ्यांत नाही," दोघं-तिघं म्हणाले.

"अर्नी," डोरा दातांतल्या दातांत म्हणाली. "पट्टा धर आणि तिला ओढ."

अर्नीने पट्टा धरला. ओढला नाही. ओढली तर कुत्री कायमची हातची जाणार. न ओढावी तर ती सेपच्या दारात बांधली जाणार. तो पट्टा धरून असा उभा राहिला की लांबून पाहणाऱ्याला तो ओढतोय असं वाटावं.

आणि मग पेटीतून, अगदी स्पष्ट, खरडल्याचा आवाज आला.

"देवा!" पाद्री म्हणाले. हे पुस्तकात नव्हतं.

"उघडा!" सेप ओरडला. "उघडा, गुदमरेल तो!"

पेटीवाल्याने खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला. त्याच्याने पहिला स्क्रू निघेना, तेव्हा ढोलवाल्याने तो काढून घेतला. डोरा पांढरी पडली होती. "त्याची खुर्ची मी देऊन टाकलीय," ती स्वतःशीच म्हणाली. "खुराडंही जाळलं."

चौथा स्क्रू निघाला. झाकण सरकलं. कथबर्ट होता तसाच होता. मेलेला, आणि त्याबाबत शंकेला जागा नव्हती. पण त्याचा कोट छातीवर हलला. बटण तुटून उडालं. कॉलरमधून, हनुवटीच्या खालून, एक पांढरं डोकं बाहेर आलं, त्याने जमलेल्या ऐंशी माणसांकडे नापसंतीने पाहिलं आणि जांभई दिली.

पेटीवाला कुंपणात बसला. पाद्रींनी पुस्तक मिटलं. एवढ्या शांततेत डोरा एकच शब्द बोलली.

"अर्नी."

अर्नीने फेरेट उचललं. ते त्याला चौथ्यांदा चावलं.

झाकण परत लागलं, पेटी पट्ट्यांवरून खाली गेली, पाद्रींनी उरलेला मजकूर गाडी पकडायची असल्यासारखा वाचला. मूठमूठ माती पडली. लोक खाणकामगारांच्या क्लबाच्या दिशेने वळले; तिथे हॅमची सँडविचेस वाळत होती. मिज हलली नाही. उजवा पाय वर, मान तिरपी, नाक खड्ड्याच्या कुंपणाकडच्या भिंतीवर रोखलेलं.

"आता काय?" ढोलवाला म्हणाला.

"दुसरा खिसाही होता का?" कुणीतरी विचारलं.

कुणी हसलं नाही. अर्नीने शर्टाच्या आतलं फेरेट चाचपलं. ते तिथेच होतं. त्याने डोराकडे पाहिलं. ती वळून पाहत नव्हती, पण तिची पाठ बघत होती.

"चल मिज," तो म्हणाला. "काही नाही तिथं."

ती हलली नाही. मग त्याने पट्टा ओढला. तिने आधी पट्ट्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. पाय खाली ठेवला. आणि निमूट चालू लागली.

क्लबात डोराने चहा ओतला, सगळ्यांना दिला, अर्नीला शेवटी दिला. मग ती सेपकडे गेली. "कुत्री घेऊन जा. बोलल्याप्रमाणे."

सेपने सँडविच संपवलं. तोंड पुसलं. "डोरा, वाईट वाटून घेऊ नकोस. फेरेटच्या अंथरुणात वाढलेली कुत्री फेरेटवर खूण देत नाही. ही देते. म्हणजे बिघडली. नंतर फेरेट काढल्यावरही खड्ड्यावर दिली, तीही सगळ्यांनी बघितली. मालक गेला की जनावराचं डोकं फिरतं. मला नको."

"मग कुणाला हवी?"

मंडळी बश्यांकडे पाहू लागली. सकाळपर्यंत गावाची शान असलेली कुत्री टेबलाखाली पडली होती आणि तिच्यापाशी सँडविचचा एक तुकडाही कुणी टाकला नाही. डोराने पट्टा अर्नीच्या बशीत ठेवला.

"घे. तुम्ही दोघं एकमेकांना शोभता."

अशा रीतीने अर्नीला मिज मिळाली. फेब्रुवारीत तो तिला टेकडीवर घेऊन गेला. ती बिळांवरून चालत गेली, जणू रस्त्यावरचे खड्डे. एकदा तर तिच्या पायाखालच्या बिळातून ससा निघून कुंपणापलीकडे गेला; तिने त्याला जाऊ दिलं. अर्नीने मनात सेपचं म्हणणं मानलं : बिघडली खरी. मार्चमध्ये तो नुसते बटाटे खाऊ लागला. पण कुत्री त्याने दिली नाही. संध्याकाळी चुलीपाशी दुसरा कुणीतरी श्वास घेतो, एवढंही बऱ्याच दिवसांत त्याच्या घरात झालं नव्हतं.

एप्रिलमध्ये पाद्रींनी निरोप धाडला, की हेपलच्या जागेवर काहीतरी झालंय, येऊन बघा. अर्नी मिजला घेऊन गेला. डोरा आधीच तिथे उभी होती, हात कमरेवर.

थडग्याच्या कुंपणाकडच्या बाजूला एक गोल भोक पडलं होतं. तोंडाशी ताजी माती, चार-सहा काळ्या लेंड्या आणि पोटाचे मऊ केस. त्यांच्या देखत आतून मुठीएवढं पिल्लू बाहेर आलं, मग दुसरं, मग तिसरं. कथबर्टच्या छातीच्या साधारण वर बसून ती गवत खाऊ लागली.

"खड्डा काढणाऱ्याला विचारलं मी," डोरा म्हणाली. "खणताना बीळ लागलं होतं, म्हणतो. ढेकूळ बसवून बुजवलं. सांगण्यासारखं काय होतं त्यात, म्हणतो."

अर्नीच्या डोक्यात आता उजेड पडला. म्हणजे फेरेटचा काही संबंधच नव्हता. ते योगायोगाने मध्ये आलं होतं. पहिल्यांदाही ससाच होता, दुसऱ्यांदाही ससाच. ऐंशी माणसांत एकटी मिज शुद्धीवर होती, आणि त्याने तिला ओढून नेलं होतं.

"चाळीस वर्षं मी त्यांचं मांस शिजवलं," डोरा पिल्लांकडे पाहत म्हणाली. "आता बसू दे त्यांना."

अर्नी मिजच्या शेजारी गवतात गुडघे टेकून बसला. पट्टा काढला. "तुझंच खरं होतं गं," तो तिच्या कानात म्हणाला. "बघ. तुझंच खरं. दे खूण."

मिजने बिळाकडे पाहिलं. तिच्या शेपटीचं टोक एकदा थरथरलं. मग तिने अर्नीकडे पाहिलं, बराच वेळ, आणि सशांकडे पाठ करून खाली बसली.