नमुनेदार भेग

पृथ्वीचं कवच अनेक तुकड्यांचं बनलेलं असून हे तुकडे सतत सरकत असतात. आपल्या पायाखालचा तुकडा वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर उत्तरेकडे जातो, असं शास्त्र सांगतं. या हिशेबाने रोहण्याजवळचं आमचं पिंपळझरी गाव गेल्या पन्नास वर्षांत अडीच मीटर पुढे गेलं आहे. (ग्रामपंचायतीने याचं श्रेय अजून घेतलेलं नाही, हा तिचा मोठेपणा.)

एवढं पुढे जायचं म्हणजे थोडेफार धक्के बसणारच. म्हणून भूकंपाची रंगीत तालीम घ्यावी असं परिपत्रक आलं आणि गावात आपत्ती व्यवस्थापन समिती स्थापन झाली. अध्यक्ष अण्णाजी, सचिव मी. सदस्य अकरा, शिट्ट्या बारा, हेल्मेट नऊ, स्ट्रेचर एक. आपला जिल्हा भूकंपाच्या दृष्टीने फारसा धोक्याचा नाही, असं परिपत्रकातच म्हटलं होतं, त्यामुळे आम्ही निश्चिंत मनाने तयारीला लागलो.

भूकंप कधी करायचा यावर दोन बैठका झाल्या. त्या आठवड्यात शेतातल्या पंपांची लाईन सकाळची होती आणि ओलित सोडून भूकंपाला यायला कोणीच तयार नव्हतं. सर्वानुमते भूकंप गुरुवारी दुपारी दोनला ठरला. जखमींच्या सहा जागांसाठी तेवीस अर्ज आले. (डोक्याला पट्टी बांधायची मानाची जागा अण्णाजींचा नातू आदेश याला मिळाली. निवड गुणवत्तेवर झाली.)

अडचण एकच होती. अहवालाला ‘हानी झालेल्या वास्तूचा फोटो’ जोडायचा होता आणि आपल्या घराची भिंत तडकली आहे हे लिहून द्यायला कोणी राजी नव्हतं. ज्यांच्याकडे मुलगी पाहायला पाहुणे यायचे होते, त्यांनी तर घाईघाईने चुना मारून घेतला. अशा वेळी शाळेतल्या चौथीच्या खोलीने गावाची लाज राखली. तिथे छताच्या कोपऱ्यापासून खिडकीपर्यंत अशी भेग आहे की पाहणाऱ्याने पाहतच राहावं.

ही भेग खरं तर भूकंपाची नाही. खालची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंत बिचारी तिच्या मागे मागे जाते. हे आम्हाला शाळेत खिचडी शिजवणाऱ्या अनुसयाबाईने सांगितलं. तिची नात आकांक्षा त्याच भिंतीला टेकून बसते, म्हणून अनुसयाबाई भेग अधूनमधून मोजते. तिच्या मोजमापाला शासनमान्यता नाही, तरी माहितीसाठी देतो: होळीला आगकाडी, पोळ्याला बोट, आणि आता खिचडी ढवळायच्या सराट्याचा दांडा.

मुख्याध्यापक प्रफुल्ल सरांनी भेग बुजवायला सिमेंट आणलं होतं. समितीने ते वेळीच थांबवलं. मग अनुसयाबाईने पोरांना समाजमंदिरात बसवायची मागणी केली. समाजमंदिर रिकामं नव्हतं. तिथे समितीच्या शिट्ट्या, हेल्मेट आणि स्ट्रेचर कुलपात होतं.

“सामान भायेर ठेवलं न खराब झालं, तं भूकंपाच्या टायमाले पोरं कशानं वाचवाव?” अण्णाजींनी तिला शांतपणे विचारलं. इतिवृत्तात तिची मागणी मी ‘अफवा’ या सदराखाली नोंदवली.

तालमीच्या दिवशी दोन वाजता पोरं अंगणात लिंबाखाली सुखरूप जेवत होती. तेवढ्यात तालीम तपासायला येणारे साहेब आर्वीहून निघाल्याचा फोन आला. बाहेर बसलेल्या पोरांना वाचवायचं कसं, असा तांत्रिक पेच पडला. म्हणून सगळ्यांना ताटांवरून उठवून भेगेच्या खोलीत नेऊन बसवलं. साहेब चार वाजता पोचले. तोवरचे दोन तास पोरं वाचवली जाण्याची वाट पाहत तिथेच बसली होती.

त्या वेळात अनुसयाबाईने शिस्तीचा भंग केला. खोलीत शिरून तिने आकांक्षाला भिंतीपासून उठवलं आणि दाराशी बसवलं. लगेच दुसरं पोर त्या जागेवर सरकलं. तिने त्यालाही उठवलं. मग तिसरं सरकलं. शेवटी जागा अडवायला ती स्वतःच भिंतीला पाठ लावून बसली. मला लाज वाटली. पण इतिवृत्तात तसा रकाना नसल्यामुळे ती नोंदवता आली नाही.

पुढचं सगळं उत्तम झालं. भोंगा वाजला, खोली एकेचाळीस सेकंदांत रिकामी झाली, फोटो एकशे सोळा निघाले. साहेबांनी भेगेत मनगटापर्यंत हात घातला आणि ते म्हणाले, “वा, एकदम नॅचरल.” वास्तवदर्शीपणाला दहापैकी दहा गुण मिळून पिंपळझरीचा तालुक्यात पहिला नंबर आला. मार्चमध्ये जिल्हास्तरीय तालीम आमच्याकडेच आहे. तोवर भेगेला कोणी हात लावू नये, अशी सूचना समितीने खोलीच्या दारावर चिकटवली आहे.

सूचना वाचून अनुसयाबाई माझ्याकडे आली. “तुमी तं शिकलेले हा जी,” ती म्हणाली, “मंग तुमाले काऊन दिसून नाई राह्यलं?” बाब वरिष्ठांच्या अखत्यारीतली असल्याचं मी तिला सांगितलं. दुसऱ्या दिवशी खोली नेहमीप्रमाणे भरली.

इथपर्यंत वाचल्यावर शिट्ट्या किती, हेल्मेट किती, फोटो किती, हे तुमच्या लक्षात असेलच. त्या खोलीत पोरं किती बसतात, हे मी कुठेही लिहिलेलं नाही, आणि वाचताना तुमचंही काही अडलं नाही. तो आकडा फक्त अनुसयाबाईला पाठ आहे, कारण ती रोज तेवढी ताटं मांडते. समितीत सदस्याची एक जागा रिकामी आहे. तुमचं नाव सुचवायला माझी हरकत नाही.