रांजणांत दडलेल्या ओताकूंची बखर

श्री. वाणीच्या देवतेस नमन. तिने जिभेस हाड दिले नाही म्हणून शब्दास समुद्राची आडकाठी राहिली नाही. शालिवाहन शके एकोणीसशे तेवीस, वृषनाम संवत्सर, कार्तिक मास, ते समयी पूर्वसमुद्री दोन राज्ये नांदत होती, एक बेटांचे आणि एक समोरील द्वीपकल्पाचे. बेटांचे राज्यी चित्रकथांच्या नादी लागलेली माणसे एकमेकांस अदबीने "ओताकू" म्हणत, म्हणजे "आपले घर", आणि त्यात कोणाचे काही जात नव्हते. मग शहाण्या लोकांनी तोच आदर उचलून शिवी केली, की हा घरकोंबडा, बाहुल्यांत रमतो, जगाच्या कामाचा नाही. शहाण्यांस दुसरे येते काय? आणि ती शिवी चित्रकथांच्या गठ्ठ्यांबरोबर गलबतात बसून द्वीपकल्पी उतरली. तेथे बेटांच्या चित्रकथांस बंदी होती, शिवीस नव्हती. ती उजळ माथ्याने वेशीतून आत आली आणि तेथील लोकांच्या जिभेवर घोळून "ओदोक्हू" जाहली.

त्या राज्यी कोतवालाची सून ओकजूबाई म्हणोन होती. कामास वाघीण, बोलण्यास ठसकेदार, परंतु चित्रकथेतील एका निळ्या केसांच्या तलवारबाजावर बाईचा जीव जडला होता. त्याच्या बाहुल्या आणि चित्रे चोरून जमविली, आणि मग ठेवावी कोठे हा पेच पडला. त्या देशी रीत ऐसी, की घरोघर परसात मातीचे रांजण रांगेने मांडितात, त्यांत कोबीचे लोणचे आणि चटण्या मुरतात, आणि मुरत्या रांजणाचे झाकण परका हात उघडीत नाही. बाईने कोपऱ्यातील रिता रांजण धरिला, तलवारबाज आत निजविला, वर झाकण आणि झाकणावर धोंडा, आणि निश्चिंत जाहली.

परंतु त्या साली कोबी उदंड पिकला. कार्तिकात साऱ्या आळीच्या बायका मिळून कोबी मिठात घालितात, त्या कोतवालाचे परसात जमल्या, आणि रांजण अपुरे पडले, आणि सासू मालसूनबाई ह्यांनी कोपऱ्यातला धोंडा स्वहस्ते दूर केला.

"अगे, हा कोण निळ्या केसांचा? तुझ्या माहेरचा की काय?"

बायका खदखदल्या, शेजारीण ग्योंगजाबाई सर्वांहून मोठ्याने हसली आणि म्हणाली, "सून ओदोक्हू निघाली हो! कोतवालाचे घरी!"

"ह्यास आधी चुलीत घालिते," सासू कडाडली, "मग तू माहेरची वाट धर."

ओकजूबाईचे पाणी पाणी जाहले. माहेराचे काय, तेथे भाकरी होती, भय चुलीचे. इतक्यात सासू वळून म्हणाली, "कोबी वाळतो आहे. ग्योंगजाबाई, तुमचा रांजण आणवा."

"माझा नको. त्यास चीर गेली."

"परवाच तर नवा म्हणून मिरविलात!"

ओकजूबाई हे ऐकून उठली, कुंपण ओलांडून गेली आणि शेजारणीचे झाकण उचलिले. आत एका म्हाताऱ्या गवयाच्या तसबिरी, पंखे, आणि एक उशी, तिजवरही तोच गवई हसतो आहे.

"उशीवर सुद्धा?" सासू म्हणाली.

"मग काय तुमच्या कोतवालांस छापू?"

हा गलबला ऐकून कोतवाल धावत आले. सासू म्हणाली, "तुमचा तो जुन्या चटणीचा रांजण रिता करा." कोतवाल पांढरे पडले आणि गर्जले, "हात लावील त्यास बेड्या घालीन!" आता उगी राहिले तर तलवारबाज चुलीत जातो, हे जाणून ओकजूबाईने परत येऊन त्या रांजणाचे झाकण फेकून दिले. आत चटणीचा वासही नाही. बंदीत जप्त केलेल्या चित्रकथा गळ्यापर्यंत भरलेल्या, कोपरे वाचून वाचून झिजलेले.

"पुरावा आहे तो! सरकारी पुरावा!"

"मामंजी, पुराव्यात मोरपिसाची खूण कशास? बरे, येथवर वाचले आहे, तर पुढे तलवारबाजाचे काय होते ते सांगू?"

"खबरदार, सांगशील तर!" कोतवाल ओरडले, आणि मग आपण काय ओरडलो ते त्यांस कळले.

साऱ्या आळीची हसून मुरकुंडी वळली. ग्योंगजाबाई म्हणाली, "कोतवालसाहेब, आपणही ओदोक्हूच की!" कोतवालांनी मिशीवर हात फिरविला आणि म्हणाले, "आहे. मग?" त्या एका "मग?" पुढे शिवीचे दात पडले. तलवारबाज सासऱ्यांचे रांजणी मानाने बसला आणि माहेराची गोष्ट पुन्हा निघाली नाही. लोकांनी शब्दाचे डोके छाटून लाडाने "दोक्हू" केले, आणि पुढे कोणी कोणास भेटले की पुसू लागले, "तू कशाचा दोक्हू?", आणि ज्यास सांगण्यासारखे काही नसे तोच खाली पाही.

सारांश, त्या साली कोबी न्हाणीच्या घंगाळांत मुरला आणि बरा मुरला. कोबी भरतेवेळी सून म्हणाली, "सासूबाई, आपलाही एक रांजण आहे ना?" तेव्हा मालसूनबाई त्याच्या झाकणावर जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "माझ्यात चटणीच आहे." तो रांजण आजतागायत कोणी उघडिला नाही.