करमाफीची रंगीत तालीम

परदेशी कंपनीला दहा वर्षांची करमाफी न देताही देशात टिकवून दाखवतो, असं मी जेवताना घरात जाहीर केलं. बायकोने वाढता वाढता हात थांबवला. त्याच कंपनीच्या पंपांच्या कारखान्यात तिचा धाकटा भाऊ कामाला आहे. कंपनी गेली तर त्याची नोकरी जाणार, आणि नोकरी गेली तर तो बायकापोरांसह कुठे येणार, हे तिने मला सांगितलं नाही. नुसती आमच्या दोन खोल्यांवरून नजर फिरवली!

मी अर्थखात्यात करसवलतींच्या विभागात आहे. आमची आजवरची रीत सोपी. परदेशी कंपनी दिसली की दहा वर्षं कर माफ. कंपनी दहा वर्षं मजेत नांदायची आणि अकराव्या वर्षी माहेरी जायची धमकी द्यायची. की पुन्हा दहा वर्षं! मी नवी योजना लिहिली. सरसकट माफी बंद. जेवढी नवी यंत्रं आणाल, जेवढ्या कामगारांना वरचं काम शिकवाल, तेवढीच सवलत. पहिला प्रयोग या पंपवाल्यांवरच होता. त्यांची माफी संपत आली होती.

आता आमच्या खात्याची एक परंपरा सांगतो. कुठल्याही वाटाघाटीआधी आम्ही रंगीत तालीम करतो. दुसऱ्या विभागातला कुणीतरी कंपनी होतो आणि आम्हाला घाम फोडतो. मागच्या खेपेला सांख्यिकीतल्या गृहस्थांनी कंपनी अशी काही वठवली की आमच्या मोठ्या साहेबांनी त्यांनाच माफी वाढवून दिली. ही तालीम आहे, हे त्यांच्या कानात सांगावं लागलं.

या वेळी सांख्यिकीतून एक नव्या बाई येणार होत्या. खरी बैठक दुपारी होती. सकाळी मी छोट्या खोलीत गेलो तर करड्या कोटातल्या एक बाई शांतपणे चहा पीत बसलेल्या. मी म्हटलं, "करा सुरू. धमकीपासूनच घ्या."

"कसली धमकी?"

"नेहमीचीच. माफी नसेल तर शेजारच्या देशात जातो."

बाईंनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. मग म्हणाल्या, "माफी नसेल तर आम्हाला जावं लागेल."

मी मान हलवली. एवढ्याने कोण घाबरणार? जरा तोरा हवा! मी स्वतः उठून, नाक वर करून ते वाक्य म्हणून दाखवलं. दुसऱ्या वेळी त्यांना बरं जमलं. मग मीही सरकार म्हणून सुटलो. जा म्हटलं खुशाल! तुमचे पंप खपतात इथे, ते चालवणारे हात इथे. माफी नसती तरी तुम्ही आला असता. आणि खरं दुखणं मला ठाऊक आहे. वीज जाते, सुटे भाग बंदरात अडकतात, आम्ही दरवर्षी नियम बदलतो. तुमचा आमच्यावर भरवसा नाही, म्हणून तुम्ही माफीला धरून बसता.

बाईंनी कप खाली ठेवला. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मेहुण्याने. तुमच्याच कारखान्यात आहे असं समजा."

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाल्या, "कर आम्ही भरू. पण बंदरात अडकलेला माल परवडत नाही. माल वेळेवर सोडा आणि पाच वर्षं नियम बदलू नका. मग तुमची योजना मला मान्य आहे. दुसरा कारखानाही इथेच काढू."

मी टाळ्याच वाजवल्या! अभिनय फक्कड, म्हटलं, पण कंपनी कधी एवढं खरं बोलत नाही. दुपारी कंपनीच्या खऱ्या बाई येतील, त्या भयंकर खडूस आहेत म्हणे.

"कोण म्हणतं?"

"सगळेच."

एवढ्यात मोठे साहेब लगबगीने आत आले आणि त्या बाईंपुढे कमरेत वाकले. बाईंचं विमान लवकर उतरलं होतं, मोठ्या दालनात झाडलोट चालू होती, म्हणून दारावरच्या शिपायाने त्यांना इथे बसवलं होतं. सांख्यिकीतल्या बाईंची दाढ दुखत होती, त्या आल्याच नव्हत्या!

मी टाळ्या वाजवलेले हात पाठीमागे लपवले. माझ्या तोंडाने मेहुण्याची नोकरी घालवली, याचं मला खरंच वाईट वाटलं. साहेबांनी सवयीने "दहा वर्षं..." अशी सुरुवात केली. बाईंनी त्यांना हाताने थांबवलं. "ती नकोत. यांनी मला आमची बाजू शिकवली, तुमचीही सांगितली. आता फक्त सह्या राहिल्यात."

त्या दिवशी मी तरंगतच घरी आलो. आपल्याकडे कुणी फुकट काही न मागता नुसता भरवसा मागितला, याचा इतका आनंद होईल असं वाटलं नव्हतं.

बायको फोन ठेवत होती. डोळे भरले होते, पण हसत होती. भावाची नोकरी राहिली, वर नव्या कारखान्यात तो मुकादम होणार. फक्त त्याआधी कंपनी त्याला वर्षभर शिकायला पाठवते आहे. आमच्याच शहरात. बायकापोरांसह.

"राहणार कुठे?" मी विचारलं.

"सख्खी बहीण इथे असताना हे काय विचारणं झालं?" ती गाद्या मोजायला लागली. मग मध्येच थांबून म्हणाली, "पण काय हो, ही शिकवायची अट कुणाच्या डोक्यातून निघाली?"

"वरून आली," मी म्हणालो.