सासामोरीची माफी

कुमागाई तोकुजीनं तेहतीस वर्षं स्टेशनमास्तरकी केली होती, आणि एकदा पाहिलेला चेहरा आपण विसरत नाही असं तो छातीठोकपणे सांगे. त्यामुळे भर दुपारी जिंगिसुकानच्या, म्हणजे तव्यावर भाजलेल्या मटणाच्या, हॉटेलाचं दार सरकलं आणि टोपीवरचं बर्फ झटकत एक मोठ्या कानांचा म्हातारा आत आला, तेव्हा तोकुजी उठलाच.

"सासामोरी! अरे इकडे, इकडे!"

समोर बसलेला ओनोदेरा कुजबुजला, "नक्की तोच का रे? अठ्ठेचाळीस वर्षं झाली."

"कान बघ की लेका! असे कान अख्ख्या ताकिकावात दुसऱ्या कुणाचे आहेत?"

शाळेत या तिघांचं त्रिकूट होतं. पुढे सासामोरी ओसाकाला गेला तो गेलाच; तोकुजीला वर्षाकाठी एक नववर्षाचं कार्ड, बस्स. आज तो एका दिवसापुरता गावात येणार होता, आणि तोकुजीच्या मनात त्याच्यापाशी बोलायची एक गोष्ट अठ्ठेचाळीस वर्षं अडकून होती. ती त्यानं ओनोदेरालाही कधी सांगितली नव्हती.

पाहुण्याला त्यानं हाताला धरून बसवलं. तो बिचारा म्हणाला, "अहो, मी होनमा..."

"होनमा? म्हणजे घरजावई झालास? आडनावसुद्धा सासऱ्याचं घेतलंस? आणि आम्हाला पत्ता नाही!"

"तसं नाही हो, मी वरच्या..."

"आधी खा!" शिरस्त्राणासारख्या फुगीर लोखंडी तव्यावर कोकराचं मटण चुरचुरत होतं, त्याचा रस ओघळून कडेच्या कोबीत आणि कांद्यात मुरत होता. तोकुजीनं एक लुसलुशीत तुकडा आंबटगोड रसात बुडवून त्याच्या वाटीत टाकला. पाहुण्यानं तो खाल्ला, डोळे मिटले, आणि त्यानंतर तक्रार केली नाही. दुसऱ्या थाळीपर्यंत तो तोकुजीच्या सगळ्या आठवणींना "हो, हो" म्हणू लागला होता. बियरचा तिसरा ग्लास झाल्यावर तर तो स्वतःच्याही आठवणी सांगू लागला.

मग तोकुजीनं जेवायच्या काड्या खाली ठेवल्या.

"सासामोरी, शाळेच्या शर्यतीच्या आदल्या दिवशी तुझी स्की मी न विचारता नेली. मोडली. डिंकानं चिकटवून गुपचूप परत ठेवली. तू वीस पावलांवर तोंडावर आपटलास, तो माझ्यामुळे." "मला माफ कर."

ओनोदेराचा घास हातातच राहिला. पाहुण्याचे डोळे भरून आले. त्यानं तोकुजीचा हात दोन्ही हातांत घेतला. "झालं गेलं विसरा हो. मी मनापासून माफ केलं."

तोकुजीच्या छातीवरचा धोंडा उतरला. तेवढ्यात वरच्या मजल्याच्या जिन्यावरून एक माणूस घामाघूम होऊन खाली उतरला. त्याचेही कान मोठे होते.

"तोकुजी? अरे, तू इथे बसलायस होय! दारातल्या बाईंनी मला वर शाळासोबत्यांच्या मेळाव्यात पाठवलं. तासभर बसलो. एकही चेहरा ओळखीचा नाही. म्हटलं, वय झालंय सगळ्यांचं. शेवटी सगळे शाळेचं गाणं म्हणायला उभे राहिले, तर गाणंच भलतं!"

तोकुजीनं पाहुण्याकडे पाहिलं.

"ती माझी शाळा," होनमा ओशाळून म्हणाला. "मी दोनदा सांगायला गेलो. पहिल्यांदा तुम्ही मला घरजावई केलंत, दुसऱ्यांदा तोंडात मटण कोंबलंत."

"असू दे," तोकुजी म्हणाला. खचेल तर तो तोकुजी कसला! त्यानं खऱ्या सासामोरीला बसवलं आणि स्की, डिंक, वीस पावलं, सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. या खेपेला तर त्याला ते जास्तच छान जमलं.

सासामोरीनं हळूच ओनोदेराकडे मान वळवली.

"म्हणजे ते तू केलं नव्हतंस? शाळेतल्या स्कींच्या खोलीची किल्ली तुझ्याकडे असायची ना!"

"मी?" ओनोदेरा ओरडला. "म्हणून तू मला लग्नाला बोलावलं नाहीस? म्हणून मला कधी एक कार्ड नाही? आणि हा तोकुजी इतकी वर्षं तुझी कार्डं मला वाचून दाखवायचा!"

कोबी करपू लागला. होनमानं आपली वाटी हळूच बाजूला सरकवली आणि तोकुजीकडे कडक नजरेनं पाहिलं.

"हे तुम्ही मला सांगितलं नव्हतं," तो म्हणाला. "मी माझी माफी परत घेतो."