नंबरातली सायकल

"मोबाईल ठेव पिशवीत! ह्या वाटेवरचा दगड न् दगड मला ओळखतो!" सत्यशीलाबाईंनी नातीला बजावलं आणि पदर खोचून त्या फुलंब्रीहून पिशोरकडं जाणाऱ्या जुन्या वाटेला लागल्या.

श्रेयाचा खेळ साधाच होता. काही हौशी मंडळींनी ह्या वाटेवर ठिकठिकाणी जुन्या सायकली मांडल्या होत्या. मोबाईल दिशा दाखवणार, आपण सायकल गाठून तिच्यापाशी लपवलेली डबी हुडकायची. सत्यशीलाबाईंना डबीचं काय! त्यांना फक्त एकदा सायकलीच्या कॅरिअरवर बसायचं होतं. लग्नानंतर कारभाऱ्यांनी त्यांच्यासाठी कॅरिअरवर खास फळी बसवली होती आणि ह्याच वाटेनं माहेरी नेलं होतं. बहात्तरच्या दुष्काळात सायकल विकली. आता कारभारीही नव्हते. वाट तरी कुठं राहिली होती? बोरींच्या जागी प्लॉटिंगचे दगड, आमराईच्या जागी नव्या वसाहतीची कमान, आणि वसाहतीत प्यायला थेंब नाही!

"आजी, डावीकडं दाखवतोय."

"त्याचा बाप आला होता का ह्या वाटेनं? उजवीकडं!"

उजवीकडं लिंबाखाली खरंच सायकल! काळी, गंजकी आणि कॅरिअरवर... फळी! सायकलीच्या मागंपुढं घागरी, ड्रम, बादल्या ओळीनं मांडलेल्या.

"सजावट तर बघ! अगदी त्या काळातली!"

"प्लास्टिकचे ड्रम होते तेव्हा?"

"तू ढकल गं!"

सायकल ओळीतून काढून बाई फळीवर एका अंगानं बसल्या. श्रेया ढकलू लागली. बाईंनी डोळे मिटले. पुढं पांढरा सदरा फडफडतोय असं वाटून त्यांनी हात पुढं केला, आणि हॉर्न वाजला. पाण्याचा टँकर!

घराघरांतून बाया सुटल्या! सायकलीची मोकळी जागा मागच्या घागरींनी गिळून टाकली.

"माझा नंबर कुठंय?" शेळ्या सोडून सायकलीची मालकीण बानाबाई धावत आली. "सकाळधरनं सायकल लावलीया! उतर म्हातारे! नंबरातली सायकल पळवतीस व्हय?"

"अगं, मला वाटलं आमच्या ह्यांची..."

"कुठं हायेत तुमचे हे? बोलवा, त्यांनाच हुभं करते नंबरात!"

"ते आता कुठल्याच नंबरात नाहीत, बाई."

बानाबाईनं बाईंना हात देऊन खाली उतरवलं. बाईंनी हळूच विचारलं, "ही फळी कधीची गं?"

"गेल्या उन्हाळ्यातली. कॅन ठेवाया मीच बसवली."

बाईंनी फळीवरचा हात काढून घेतला.

"मागं लावा, मागं!" ओळीतल्या बाया ओरडल्या. बानाबाईनं सायकल पार शेवटी नेऊन लावली. "मावशे, तुमच्यामुळं झालं. आता तुम्हीच राखण बसा. मी शेळ्या बघून येते."

श्रेया मोबाईलचं ऐकून डावीकडं गेली. तिला डबी लगेच सापडली.

उन्हं कलली तेव्हा दोन तरुण मोबाईल बघत आले. "आजी, ही खेळातली सायकल का?"

"नाय रं, नंबरातली! आन् मधी घुसू नका!" पुन्हा फळीवर बसलेल्या बाईंनी दटावलं.

दुसरा टँकर आला, तशी बानाबाईही परतली. ओळ सरकली की ती सायकल हातभर पुढं ढकलायची. "उतरा की मावशे, लई जड व्हतंय!"

"ढकल गं, ढकल!" डोळे मिटून बाई म्हणायच्या.

माहेर काही आलं नाही. टँकरच्या नळीपाशी मात्र पोचल्या.